सर्व्हर बंद पडला तरी बिलिंग थांबू नये म्हणून: व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप

सोलापुरात अक्कलकोट रोड असो की चिंचोळी एमआयडीसी, ज्यांचा स्टॉक, पगार आणि बिलिंग एकाच सर्व्हरवर आहे त्यांच्यासाठी हे पत्रक. नुसतं डेटा फोल्डर कॉपी केलं तर नोंदी वाचतात, पण विंडोज, डेटाबेस, युजर, प्रिंटर सगळं नव्याने बसवावं लागतं. म्हणून आम्ही अख्ख्या सर्व्हरची प्रत घेतो आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर हायपर-व्हीमध्ये, म्हणजे विंडोजच्याच एका सोयीत, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) म्हणून सुरू करून बघतो. सुरू करून न पाहिलेल्या प्रतीला आम्ही बॅकअप म्हणत नाही.

प्रत डिस्क२व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्या टूलने, काम चालू असतानाच घेता येते. अख्खी डिस्क एका फाइलमध्ये येते. ५०० जीबीला गिगाबिट नेटवर्कवर साधारण सव्वा तास. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर बारा तासांच्या वर. बाहेरची डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, कारण एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर आधी पूर्ण काढावं लागतं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तयार झालेली फाइल त्याच सर्व्हरवर उघडून पाहणं. दोन्ही डिस्कची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज प्रतीची सही बदलतं आणि मग ती प्रत बूट होत नाही. दुसरी चूक जनरेशनची, म्हणजे हायपर-व्हीमध्ये मशीन बनवताना निवडायच्या प्रकाराची: जुन्या बायोसने सुरू होणाऱ्या सर्व्हरला जनरेशन १, नव्या यूईएफआयने सुरू होणाऱ्याला जनरेशन २. उलट निवडलं तर काळा पडदा.

पहिल्यांदा सुरू करताना व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क तोडून ठेवा, नाहीतर एकाच नावाचे, एकाच आयपीचे (नेटवर्कवरच्या पत्त्याचे) दोन सर्व्हर भांडतील. सर्व्हर खरंच बंद पडून हे मशीन वापरायची वेळ आल्यावर आयपी हाताने भरावा लागतो. तो जुन्या नेटवर्क कार्डालाच चिकटलेला असतो. यूएसबी डोंगलवर (लायसन्सची किल्ली असलेल्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्यावर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर आधीच सांगा, हायपर-व्ही डोंगल आत पोचवत नाही. सर्व्हरसोबत कंपनीकडूनच आलेलं (ओईएम) विंडोज त्याच मशीनशी बांधलेलं असतं, त्यामुळे लायसन्सचा विचार वेगळा करावा लागेल.

सर्व्हर दुरुस्त होऊन आला की जुनी डिस्क तशीच सुरू करू नका. ताज्या नोंदी आता व्हर्च्युअल मशीनमध्ये आहेत. तिथूनच प्रत घ्यायची. नव्या रेड कंट्रोलरचा (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर आत घातला नाही तर ०x७बी एरर येतो, म्हणजे विंडोजला बूट डिस्क सापडत नाही. आमचं मत विचाराल तर नव्या सर्व्हरवर हायपर-व्ही बसवून मशीन तसंच चालू ठेवा. पुढचा बॅकअप फार सोपा होतो.

सर्व्हरच्या लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. नेटवर्क तोडलेल्या मशीनमध्ये शिरायला तोच लागतो.