घोट्याचे फ्यूजन आणि त्यानंतरचे चालणे

घोट्याचा सांधा पार झिजला आणि पाय टेकवताना होणारी वेदना गोळ्या, इंजेक्शने, पट्टे कशालाच दाद देईनाशी झाली, की नडगीचे हाड आणि त्याखालचे टेलस हे हाड एकमेकांना कायमचे जोडून टाकतात. या शस्त्रक्रियेला घोट्याचे फ्यूजन किंवा अँकल आर्थ्रोडेसिस म्हणतात. सांधा जातो आणि त्याच्याबरोबर सांध्याची वेदनाही जाते. पाऊल नडगीशी काटकोनात स्थिर होते आणि त्या पायाने चालणे नव्याने शिकावे लागते. ऑपरेशन काही तासांत आटोपते. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने लागतात आणि चाल बसायला वर्षही लागू शकते. स्क्रू, प्लेट, खर्च यांबद्दल रुग्णाला बरेच सांगितले जाते, पण पुढच्या त्या वर्षाबद्दल फारच थोडे. म्हणून या नोंदीचा भर त्या वर्षावर आहे.

कोणाला आणि का

गुडघा वयाने झिजतो, घोटा सहसा तसा झिजत नाही. घोट्याच्या बहुतेक रुग्णांच्या मागे जुना अपघात असतो: दुचाकीवरून पडून मोडलेला घोटा, वाकडे जुळलेले हाड, वर्षानुवर्षे मुरगळत राहिलेला पाय. त्यामुळे यातले बरेच रुग्ण अजून कमावत्या वयाचे असतात. याशिवाय आमवात, हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, सांध्यात पुन्हा पुन्हा होणारा रक्तस्राव, रक्तपुरवठा तुटून टेलस मरणे, सांध्यातला जंतुसंसर्ग आणि भारतात अजूनही दिसणारा घोट्याचा क्षयरोग ही कारणे आहेत. मधुमेहात संवेदना गेलेल्या पायाची हाडे ढासळतात, त्याला शार्को पाय म्हणतात. त्यातही काही वेळा हाच मार्ग उरतो.

व्हिएन्नाचे शल्यविशारद एडुआर्ड आल्बर्ट यांनी १८८० च्या सुमारास लुळे पडलेले, लोंबणारे पाऊल स्थिर करण्यासाठी ही पद्धत वापरली. पोलिओने लुळ्या झालेल्या पायांसाठी ती पुढे अनेक दशके उपयोगी पडली. १९५१ साली जॉन चार्नली यांनी हाडांतून आरपार पिना घालून त्या बाहेरून क्लॅम्पने आवळण्याची पद्धत मांडली. दोन हाडे एकमेकांवर घट्ट दाबून धरली तर ती लवकर जुळतात, हे त्यांचे सूत्र आजही कायम आहे. फक्त क्लॅम्पच्या जागी आता आतले स्क्रू आले. कृत्रिम घोटा बसवण्याचा पर्यायही आज आहे. ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयोगटातल्या ३०३ रुग्णांवर झालेल्या ‘टार्वा’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर चालण्या-उभे राहण्यातली सुधारणा फ्यूजन आणि कृत्रिम घोटा या दोन्ही गटांत चांगली होती आणि त्यांच्यात ठळक फरक आढळला नाही. तरुण, अंगमेहनत करणारा रुग्ण, आधी झालेला जंतुसंसर्ग किंवा शार्को पाय असेल, तर कौल बहुधा फ्यूजनकडेच जातो.

ऑपरेशन

सांध्यातली उरलीसुरली कूर्चा खरवडून काढतात, खालचे हाड रक्त दिसेपर्यंत खडबडीत करतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसवून दोन-तीन जाड स्क्रूंनी किंवा प्लेटने आवळतात. हे उघड्या छेदातून किंवा दुर्बिणीने करता येते. हाड कमी पडले तर कमरेच्या हाडाचा तुकडा भरतात. जंतुसंसर्ग असेल तर काही वेळा बाहेरून इलिझारोव्ह कडी, म्हणजे तारांनी हाड धरून ठेवणारी धातूची कडी, लावतात.

पुढची सगळी चाल ठरते ती पाऊल कोणत्या कोनात बसवले यावर. पाऊल नडगीशी ९० अंशांत हवे, टाच किंचित बाहेर झुकलेली हवी आणि पावलाची दिशा दुसऱ्या पायाशी जुळती, म्हणजे थोडी बाहेर वळलेली हवी. पंजा खाली झुकलेला राहिला तर प्रत्येक पावलाला गुडघा मागे ढकलला जातो आणि काही वर्षांत गुडघा बोलू लागतो. टाच आत वळलेली राहिली तर पावलाच्या बाहेरच्या कडेवर घट्टे पडतात. एकदा हाड जुळल्यावर हा कोन व्यायामाने बदलत नाही.

पहिले सहा आठवडे

पहिला दिवस बहुधा बरा जातो, कारण भुलीच्या इंजेक्शनने पाय बधिर असतो. ती उतरली की ठणका सुरू होतो. भूल उतरण्याआधीच गोळ्या सुरू करणे शहाणपणाचे असते. पहिले दोन आठवडे पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवायचा. उशी पोटरीखाली द्यायची आणि टाच अधांतरी ठेवायची, नाहीतर टाचेला दाबाची जखम होते. पाय खाली सोडला की बोटे जांभळी होतात, भरून येतात. पाय वर घेतल्यावर रंग परतला तर घाबरायचे कारण नाही. मात्र पोटरीत कळ आणि ताठरपणा, अचानक धाप लागणे, प्लॅस्टर असह्य घट्ट वाटणे किंवा जखमेतून पाणी येणे यांपैकी काहीही झाले तर फोनवर विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. पाय हलत नसल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यासाठी अनेकांना रक्त पातळ ठेवणारे औषध देतात.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्यानंतर पुन्हा प्लॅस्टर किंवा घोटा हलू न देणारा बूट लागतो. प्रचलित पद्धतीत सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार टाकायचा नसतो. दुर्बिणीने केलेल्या, घट्ट बसलेल्या फ्यूजनमध्ये काही सर्जन आधी परवानगी देतात. शेजाऱ्याला दिलेली मुभा आपल्याला लागू होते असे मात्र समजू नये. या काळात वॉकर किंवा कुबड्यांवर एका पायाने चालायचे असते. वयस्कर माणसाला कुबड्यांपेक्षा वॉकर सुरक्षित. बोटे हलवणे, गुडघा सरळ ताणून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे हे व्यायाम दिवसातून अनेकदा करायचे. सहा आठवड्यांनी मांडी किती ताकदीची उरते, ते यावरच ठरते.

घराची तयारी ऑपरेशनच्या आधी झाली पाहिजे. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची, आंघोळीसाठी पाटाऐवजी न घसरणारे स्टूल आणि रात्री संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा, एवढे तरी हवेच. ओल्या फरशीवर कुबडी सटकून नवे फ्रॅक्चर होणे ही या काळातली मोठी भीती आहे.

तंबाखूबद्दल नेहमी अपुरे बोलले जाते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हाड न जुळण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. डॉक्टर “सिगारेट ओढता का?” विचारतात, बाई “नाही” म्हणतात आणि घरी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू या सगळ्यांत निकोटिन असते. ऑपरेशनआधी काही आठवडे आणि हाड जुळेपर्यंत हे पूर्ण बंद हवे. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि बेताल साखर हेही आधीच तपासून घ्यायचे.

भार टाकायला शिकणे

सहाव्या आठवड्याच्या आसपास एक अवघड वळण येते. दुखणे जवळजवळ थांबलेले असते. जो पाय वर्षानुवर्षे ठणकत होता तो शांत झाला म्हणजे काम झाले, असे माणसाला मनापासून वाटते. पण हाड अजून कोवळे असते. या टप्प्यावर उत्साहाने चालणाऱ्याचा स्क्रू सैल होऊ शकतो किंवा तुटूही शकतो, आणि वेळ झाली का हे ठरवायला वेदनेसारखा फसवा मापक दुसरा नाही. एक्स-रे पाहूनच पुढे जायचे. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात, कारण साध्या एक्स-रेत हाड कधी कधी जुळल्यासारखे भासते.

थोडा भार म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी घरातला वजनकाटा उत्तम. वॉकर धरून उभे राहायचे, बूट घातलेला पाय काट्यावर आणि दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवायचा, मग हळूहळू भार सोडत काट्याकडे पाहायचे. डॉक्टरांनी १५ किलो सांगितले असेल तर १५ वर थांबायचे आणि तो दाब तळपायाला कसा लागतो ते लक्षात ठेवायचे. पहिल्यांदा काटा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. कुणी १५ समजून ४० किलो टाकत असतो, तर कुणी भीतीने चारवरच अडकलेला असतो. नंतर काट्याकडे न पाहता भार टाकायचा आणि मग आकडा वाचायचा. दोन्ही जुळू लागले की चालायला निघायचे. दर आठवड्याला आकडा वाढतो, दोन कुबड्यांची एक होते. ती एक कुबडी किंवा काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास, हाड जुळल्याची खात्री झाल्यावर, बूट सुटतो. शार्को पायात हा सगळा काळ जवळजवळ दुप्पट धरतात, कारण तिथे वेदना धोक्याचा इशारा देतच नाही.

चाल कशी बदलते

साध्या चालण्यात आधी टाच टेकते, मग तळवा स्थिर राहतो आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकते, शेवटी टाच उचलून बोटांवरून पाय सुटतो. यातली मधली क्रिया घोट्याची. फ्यूजननंतर नडगी पावलावरून पुढे जाऊ शकत नाही, म्हणून टाच लवकर उचलली जाते आणि दुसऱ्या पायाचे पाऊल आखूड पडते. पोटरीला ढकलण्याचे पूर्वीचे काम उरत नाही. ती बारीक होते आणि बहुधा बारीकच राहते.

तरीही पाऊल लाकडी होत नाही, कारण घोट्याच्या पुढचे पावलाच्या मधले सांधे थोडे वरखाली होऊ शकतात आणि काही महिन्यांत हरवलेल्या हालचालीचा काही भाग उचलून धरतात. आत-बाहेर कलणे हे घोट्याखालच्या सबटेलर सांध्याचे काम असते. तो शाबूत असेल तर तेही टिकते. एक्स-रेत पक्के जुळलेले हाड दिसत असताना रुग्ण म्हणतो की माझा घोटा हलतो, ते यामुळेच.

सगळ्यात सहज लागणारी वाईट सवय म्हणजे पाऊल बाहेर वळवून टाकणे. तसे केले की अंगठ्याच्या आतल्या कडेवरून पाय पटकन सुटतो, सोपे वाटते, पण अंगठा आणि गुडघ्याची आतली बाजू त्याची किंमत मोजतात. फिजिओथेरपिस्ट फरशीची सरळ रेघ धरून, लहान आणि सारख्या लांबीची पावले टाकायला लावतात. वेग नंतर येतो. चाल नीट बसली का हे चपलेचा तळ सांगतो: दोन्ही चपला उलट्या करून शेजारी ठेवल्या की एकीची झीज टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि दुसरीची अंगठ्याखाली दिसते का, ते पाहायचे.

पादत्राणे

बोटांकडे उचललेला, खालून झुलत्या खुर्चीच्या पट्टीसारखा गोलसर तळ आणि मऊ टाच असलेला बूट गमावलेल्या हालचालीची बरीच भरपाई करतो. याला रॉकर सोल म्हणतात. साध्या बुटालाही चांभाराकडून किंवा ऑर्थोटिस्टकडून (आधाराचे पट्टे-बूट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून) तो लावून घेता येतो. एक-दीड सेंटिमीटर उंच टाचही नडगीला पुढे जायला मदत करते. म्हणूनच अनवाणी चालताना लंगडणे वाढते. आपल्याकडे घरात चप्पल न घालण्याची रीत आहे. या माणसाने मात्र घरात वापरायची वेगळी, मागे पट्टा असलेली सँडल ठेवावी. देवघरापुरती ती काढली तरी चालेल, दिवसभर अनवाणी वावरू नये.

जिना, जमीन, शेत, गाडी

सुरुवातीला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पुढे एकाआड एक पायरी उतरायची झाली तर ऑपरेशनच्या पायाचा चवडा पायरीच्या कडेबाहेर काढून ठेवायचा, म्हणजे पाऊल कडेवरून वळते. चढ घोटा वाकल्याशिवाय नीट चढवत नाही, म्हणून चढावर आखूड पावले आणि तीव्र उतारावर आडवे चालणे बरे.

तळवे टेकून उकिडवे बसणे पुन्हा जमत नाही आणि वज्रासनही जमत नाही. मांडी घालणे मुख्यतः खुबा आणि गुडघ्याचे काम असल्याने ते बहुतेकांना येते. जमिनीवरून उठताना ऑपरेशनच्या पायाचा गुडघा टेकवून, चांगले पाऊल पुढे रोवून त्यावर उठायचे. नांगरलेल्या रानात आणि बांधावर तोल सांभाळणे कठीण जाते. निंदणी-खुरपणी बसून करणाऱ्या बाईसाठी हा बदल फार मोठा आहे; तिच्याशी ऑपरेशनच्या आधीच त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने आणि मागचा ब्रेक उजव्या पायाने चालतो, त्यामुळे कोणताही घोटा जखडला तरी अडचण येतेच. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात. मोटार चालवताना उजवा पाय गुडघ्यातून आणि खुब्यातून उचलून ब्रेकवर नेण्याचा सराव उभ्या गाडीत करूनच रस्त्यावर जावे.

न जुळलेले हाड आणि पुढची वर्षे

बहुतेकांचे हाड जुळते. थोड्यांचे जुळत नाही. भार टाकताना परतलेली वेदना, ऊब आणि सूज ही त्याची चिन्हे. तेव्हा हाडाचा तुकडा भरून पुन्हा ऑपरेशन करावे लागते. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. संध्याकाळी येणारी सूज मात्र सहा महिने ते वर्षभर नेहमीचीच असते.

खरी दीर्घकालीन किंमत शेजारचे सांधे मोजतात. अपघातानंतर फ्यूजन झालेल्या २३ रुग्णांची सरासरी २२ वर्षांनी तपासणी करणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकांच्या त्याच पायाच्या सबटेलर आणि पुढच्या सांध्यांत झीज आढळली. गुडघ्यात मात्र तशी वाढीव झीज दिसली नाही. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे, रॉकर तळ झिजला की बदलणे आणि काही वर्षांनी घोट्याच्या खाली नवे दुखणे सुरू झाले तर ते “ऑपरेशनचेच असेल” म्हणून सोडून न देता एक्स-रे काढणे गरजेचे आहे. सबटेलर सांध्याची झीज लवकर लक्षात आली तर योग्य इनसोल, बूट आणि इंजेक्शनने तो बराच काळ सांभाळता येतो. तोही जोडायची वेळ आली, तर पाऊल खाचखळग्यांत कलण्याची उरलेली क्षमताही जाते.