तालीम, शिकवणी, कोचिंग: ग्वाल्हेरची पार्श्वभूमी

ऑफिसात ज्युनिअरला हाताशी धरून तयार करायचं आणि त्यातून आपणही वाढायचं, याला हल्ली कोचिंग म्हणतात. ग्वाल्हेरात मात्र कोचिंग म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो परीक्षेचा क्लास. या नव्या अर्थाला आपल्याकडचा खरा जुळणारा शब्द ‘तालीम’. पण तोही सरळ नाही. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती, नाटकवाल्यांकडे प्रयोगाआधीचा सराव आणि आमच्या ग्वाल्हेरकर घरांत गाणं: गुरूसमोर बसायचं, जागा चुकली की तिथल्या तिथे पुन्हा घ्यायची. शिकवणीत कोर्स पुरा होतो. तालमीतल्या माणसाला ‘तयार झाला’ म्हणतात.

जुन्या काळी विद्या दडवायचीच रीत होती. ग्वाल्हेरच्या गायन-घराण्याच्या आरंभीच्या भावांनी पडद्याआडून एका उस्तादांचं गाणं ऐकून ते उचललं, अशी आख्यायिका आहे. पुढे दक्षिणेतली मराठी मुलं ग्वाल्हेरला येऊन शिकली आणि ख्याल, म्हणजे रागदारी गाण्याचा तो प्रकार, महाराष्ट्रात गेला.

खरं वळण त्यानंतरचं. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर ग्वाल्हेर दरबारानं आपले काही गवई मुंबईला स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, शिकायला धाडले. हे नवखे नव्हते, घराण्यात मुरलेले होते. परत येऊन त्यांनी वर्ग चालवायचे होते. जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरात संगीताची शाळा उघडली.

या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) कमान, कण (ओझरता लागणारा स्वर) बारीक अक्षरात डोक्यावर. एवढ्यात गाणं मावतं का? मावत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरंच आहे. मींड किती रेंगाळायची हे कमान सांगत नाही. पण या वादात सगळे विद्यार्थ्याचाच विचार करतात. माझ्या मते मोठा लाभ शिकवणाऱ्याचा झाला. गळ्यात बसलेलं कागदावर उतरवायचं तर प्रत्येक मात्रेला उत्तर द्यावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका शिष्येला यमन रागातली बंदिश लिहून देत होतो. ही बंदिश मी वीस वर्षं गातोय. अंतऱ्यात पेन अडलं. तंबोरा लावून चारदा गायलो, तेव्हा लक्षात आलं की त्या जागी मी दर वेळी अर्धी मात्रा आधी पोचतो आणि तान घेऊन ते झाकतो. तिनं विचारलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं.

२०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. तेव्हापासून चर्चा असते ती महोत्सवांची. वर्गांत मात्र आजही वरच्या वर्षाची मुलं नव्यांकडून अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरांचे पलटे, घोटून घेतात, आणि लय पळाली की आधी आपल्याच हातावरची टाळी तपासतात.