पेंग्विनच्या पंखावरची पट्टी : ध्रुवावर प्राणी मोजण्याची पार्श्वभूमी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री दाजीपूरच्या मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे गवे मोजलेली पोरं कोल्हापुरात कमी नाहीत. त्यातली एखादी एम.एस्सी. करता करता घरी सांगते, ‘मला अंटार्क्टिकात पेंग्विन मोजायला जायचंय’, आणि घरात चौकशी सुरू होते ती थंडीची आणि पगाराची. जायची वाट ठरलेली आहे. गोव्यातल्या केंद्रीय संस्थेकडं प्रस्ताव, दिल्लीत वैद्यकीय तपासणी, औलीला बर्फातलं प्रशिक्षण आणि मग केप टाऊनहून पुढं. पण तिथं पोचल्यावर प्राण्याला हात कसा आणि किती लावायचा, हे कुठून ठरलं, त्याची गोष्ट जरा जुनी आहे.

या कामाची सुरुवात कत्तलखान्यात झाली. १९२५ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर, ग्रिटविकेनच्या व्हेल कारखान्याजवळ ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा थाटली. कापायला ओढून आणलेल्या व्हेलची लांबी मोजायची, पोटातलं अन्न बघायचं, अंडाशय तपासायचं, तेही कामगारांची सुरी चालू असतानाच. पुढं १९३० च्या दशकात जिवंत व्हेलच्या अंगात नंबर कोरलेली पोलादी नळी बंदुकीनं मारायला लागले. ती परत मिळायची व्हेल मारून कापल्यावर, आणि आणून देणाऱ्याला बक्षीस असे. व्हेल कुठून कुठं गेला हे कळायचं, पण तो मेल्यावर.

१९५९ चा अंटार्क्टिक करार, १९६४ चे पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचे नियम, हे सगळं शाळेच्या पुस्तकात नसलं तरी स्पर्धा परीक्षांच्या गाइडात सापडतं. आपल्या विषयाला कलाटणी मिळाली ती १९८० च्या सागरी करारानं. क्रिलची (समुद्रातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) मासेमारी वाढली तर क्रिलवर जगणाऱ्यांची उपासमार होऊ द्यायची नाही, असं त्यात ठरलं. मग उपासमार होतेय की नाही हे ओळखायचं कशावरून? पेंग्विनवरून. वर्षानुवर्षं एकाच वसाहतीत येणारा, जमिनीवर सहज सापडणारा पक्षी. फक्त हा तोच पक्षी आहे हे ओळखता आलं पाहिजे.

इथंच पट्टी आली. इतर पक्ष्यांच्या पायात कडं घालतात, पण पेंग्विनचे पाय आखूड आणि जाड, तिथं कडं नीट बसत नाही. म्हणून वल्ह्यासारख्या पंखाच्या मुळाशी धातूची चपटी पट्टी वळवून बसवायची. तिच्यावरचा नंबर दुर्बिणीतून लांबूनही वाचता येतो. पक्षी पुन्हा पकडायला नको आणि खर्चही किरकोळ. अनेक दशकं जगभर हजारो पेंग्विनना अशा पट्ट्या बसल्या.

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर बारा आकडी नंबर. टोचताना कान चिघळला तर मालक कुरकुरतो, पण दुधावर काही परिणाम झालाच तर त्याला तो दुसऱ्या दिवशी धारेला कळतो. पेंग्विनची धार काढणारं कुणी नव्हतं. पीस झडायच्या दिवसांत पंख सुजतो आणि पट्टी आवळते, पोहताना पाणी अडवते, या तक्रारी जुन्याच होत्या. त्यावर उत्तर ठरलेलं असे : पहिल्या वर्षी त्रास होतो, मग पक्षी रुळतो.

ते रुळणं तपासलं गेलं दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे द्वीपसमूहात, पझेशन बेटावर. शंभर किंग पेंग्विनच्या कातडीखाली बारीक चिप बसवली, त्यातल्या पन्नासांना वर पट्टीही लावली. ये-जा करायच्या वाटांवर जमिनीत अँटेना पुरल्या आणि दहा वर्षं नोंदी ठेवल्या. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला : पट्टीवाल्यांची पिल्लं ३९ टक्के कमी, जगण्याचं प्रमाण १६ टक्के कमी, आणि वसाहतीत यायलाही उशीर. पेंग्विन हवामानामुळं कमी होतायत असं जिथं पट्टीवाल्या पक्ष्यांवरून म्हटलं होतं, तिथं दोष हवामानाचा किती आणि पट्टीचा किती, हा प्रश्न उघडा पडला.

दुसरी बाजूही आहे. एका बेटावरच्या एका जातीचा निकाल सगळ्यांना लावू नका, पट्टीचा आकार आणि धातू बदलला की परिणाम बदलतो, आणि चिप वाचायला एक तर अँटेना हवी नाही तर पक्षी पुन्हा हातात धरायला हवा, असं पट्टी वापरणारे म्हणत राहिले. शेवटचा मुद्दा खरा आहे. तरीही पट्टी इतकी टिकली ती सोय म्हणून, असंच माझं मत.

कायद्याच्या भाषेनं यात भर घातली. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारात ‘हानिकारक हस्तक्षेप’ परवान्याशिवाय बंद झाला. त्यात हेलिकॉप्टर खाली आणून थवे उधळणं येतं, वसाहतीजवळ स्फोट करणं येतं. पण परवाना घेऊन लावलेल्या पट्टीनं दहा वर्षांत हळूहळू होणारं नुकसान कुठल्या रकान्यात घालायचं? (‘वन्यजीव’ हा आपला शब्दही तिथं पेचात पडतो. वन कुठाय?)

भारताची पहिली मोहीम ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन महिला शास्त्रज्ञ होत्या, त्यातल्या एक मूळच्या नागपूरच्या. सुरुवातीला भर खडक, बर्फ आणि हवामानावर. देहरादूनची वन्यजीव संस्था १९९० च्या दशकात आली. भारताचा मैत्री तळ समुद्राच्या कडेपासून ऐंशी-शंभर किलोमीटर आत, त्यामुळं तिथं पेंग्विनपेक्षा स्कुआ आणि स्नो पेट्रेल हे उडणारे समुद्रपक्षीच भेटतात. २०१२ चा भारती तळ किनाऱ्यावर आहे. उत्तर ध्रुवाकडं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचा हिमाद्री तळ. तिथं वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाच्या भीतीनं रायफल सोबत. अस्वलाला गळपट्टा लावतात तो फक्त मादीला. नराची मान डोक्यापेक्षा जाड, पट्टा सरळ निसटून येतो.

दरम्यान मोजणी आकाशात गेली. एम्परर पेंग्विनच्या वसाहती बर्फावरच्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून उपग्रहचित्रांत सापडू लागल्या. २०१२ मध्ये अशा ४६ वसाहतींतून सुमारे ५ लाख ९५ हजार पक्षी मोजले गेले, पट्टीशिवाय. त्यातून पक्षी किती ते कळतं, कोणता ते नाही.

आणि मग बर्ड फ्लू. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियाजवळच्या स्कुआंत दिसला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर मेलेल्या स्कुआत. कोल्हापूरहून मैत्रीला जाणाऱ्या मुलीला पहिल्यांदा जवळून दिसेल तो पक्षी बहुधा स्कुआच असेल. त्याला हात लावायचा तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याखाली आधी परवाना काढावा लागेल.