ब्राउझरच्या चौकटीत उमटणारी रेघ

लॅपटॉपवर ब्राउझर पडदाभर मोठा केला की टॅबच्या पट्टीखाली केसाएवढी फिकट रेघ दिसते. कधी विंडोभोवती काळी पट्टी येते, तर कधी बंद करायची फुली वरून अर्धी कापल्यासारखी दिसते. आतलं वेबपेज मात्र ठणठणीत असतं, बिघाड फक्त चौकटीत. दुकानात नेलं तर सल्ला ठरलेला: ब्राउझर काढून परत टाका, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारू. फॉरमॅट मारल्यावर रेघ कधीकधी जातेही. पण ती का गेली हे कुणालाच कळलेलं नसतं, त्यामुळे परत आली की पुन्हा फॉरमॅट.

खरं तर दोष नेमका कुठे आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि कधी दिसतो एवढं नीट पाहिलं, तरी तो कुणाच्या हिशोबातला आहे हे बऱ्याचदा कळतं. त्यासाठी आधी ही चौकट रंगवतं कोण, ते पाहायला हवं.

विंडोज एक्सपीच्या काळात वाटणी सरळ होती. वरचा टायटल बार, तिन्ही बटणं आणि कडा विंडोज रंगवायचं, आतला मजकूर प्रोग्रॅम रंगवायचा. सगळे एकाच पडद्यावर थेट रंग ओतत. एक विंडो दुसरीवर आली की खालचं चित्र पुसलं जायचं आणि वरची बाजूला झाली की विंडोज खालच्या प्रोग्रॅमला सांगायचं, एवढा तुकडा परत रंगव. तो प्रोग्रॅम अडकून पडलेला असला तर रंगवणार कोण? म्हणून हँग झालेल्या प्रोग्रॅमवरून दुसरी विंडो ओढली की तिच्या प्रतिमांची लांबच लांब माळ उमटायची. त्या काळी सायबर कॅफेत बसलेल्या प्रत्येकाने ती नक्षी काढलेली आहे.

२००७च्या जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टाने ही पद्धत बदलली. (मॅकवर ती २००१पासूनच होती.) आता प्रत्येक विंडो स्वतःच्या वेगळ्या कागदावर, म्हणजे मेमरीतल्या वेगळ्या जागेत चित्र काढते. डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम ते सगळे कागद ग्राफिक्स चिपच्या मदतीने एकमेकांवर रचतो आणि तयार चित्र पडद्याकडे पाठवतो. नेहमीच्या पडद्यावर हे सेकंदाला ६० वेळा होतं, म्हणजे दर खेपेला हाताशी जेमतेम १६.७ मिलिसेकंद. १९२० × १०८० पिक्सेलचा एक कागद सुमारे ८३ लाख बाइटचा असतो. व्हिस्टात आणि विंडोज ७मध्ये ही रचना बंद तरी करता यायची. विंडोज ८पासून ती सोयही गेली.

मग सप्टेंबर २००८मध्ये क्रोम आला आणि त्याने टॅब थेट टायटल बारच्या जागेत नेऊन बसवले. उभी जागा वाचली. मार्च २०११मध्ये फायरफॉक्स ४नेही टॅब वर नेले आणि पुढे तेच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पण टायटल बार तर विंडोजच्या मालकीचा. तेव्हा ब्राउझर विंडोजला सांगतो, चौकटीसाठी जागा राखू नकोस, कडेपर्यंत मीच रंगवतो. तरीही बाहेरची सावली, कड धरून विंडो लहानमोठी करणं, पडद्याच्या कडेला नेली की अर्ध्या भागात बसवणं ही कामं विंडोजकडेच राहतात. दोन शेतांमधल्या बांधासारखी ही जागा दोघांची आहे, आणि चौकटीतले बहुतेक दोष इथल्याच हद्दीच्या मोजणीतले असतात.

कापलेली फुली घ्या. विंडो मॅक्सिमाइज केली की ती पडद्याएवढी होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात विंडोज तिला पडद्याहून थोडी मोठी करतं आणि तिच्या कडा चारही बाजूंनी पडद्याबाहेर लोंबत ठेवतं, १०० टक्के स्केलिंगला (स्केलिंग म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण) प्रत्येक बाजूला ८ पिक्सेल. मोठ्या केलेल्या विंडोची कड कुणाला धरायची नसते, मग ती दाखवायची कशाला, असा हा जुना हिशोब. चौकट विंडोजच रंगवत होतं तोवर कुणाला पत्ताही लागला नाही. पण ब्राउझर स्वतः कडेपर्यंत रंगवायला लागल्यावर त्याला हे ८ पिक्सेल आठवणीने आत सरकावं लागतं. स्केलिंग वाढलं की हा आकडाही वाढतो. लॅपटॉपचा पडदा १५० टक्क्यांवर, बाहेरचा मॉनिटर १०० टक्क्यांवर, आणि विंडो एकीकडून दुसरीकडे नेली की आकडा ऐन वेळी बदलतो. तो बदलायचा राहिला तर फुलीचा माथा छाटला जातो किंवा वर रिकामी फट राहते. ओळखायची खूण सोपी: विंडो थोडी लहान केली की हा दोष नाहीसा होतो आणि मॅक्सिमाइज केली की परत येतो.

दुसरी चाचणी माउसने करायची. बटण जिथे दिसतंय तिथे न जाता, ते जिथे असायला हवं तिथे बाण न्या. बाणाखाली काय आहे, फुली की टायटल बार की कड, हे विंडोज सतत ब्राउझरला विचारत असतं आणि ब्राउझर स्वतःच्या मांडणीप्रमाणे उत्तर देतो. चित्र बिघडलेलं असूनही फुलीच्या खऱ्या जागी क्लिक लागत असेल तर मांडणी बरोबर आहे, रंगकाम चुकलंय. मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळतो. क्लिकही चित्राबरोबर सरकलेली असेल तर मोजमापच चुकलंय आणि ड्रायव्हर बदलून बहुधा काही होणार नाही.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिला खर्च नाही आणि ती अर्धे संशयित एका फटक्यात बाद करते: स्क्रीनशॉट घ्या. दोष स्क्रीनशॉटमध्ये आला तर तो कागद रचून होण्याआधीचा, म्हणजे ब्राउझर, ड्रायव्हर किंवा विंडो मॅनेजरकडचा. डोळ्यांना दिसतो पण स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, तर तो पुढच्या टप्प्यातला. मग विंडो थोडी सरकवून पाहा. रेघ पडद्यावर जागच्या जागी राहिली तर पॅनेल किंवा केबल तपासा. विंडोबरोबर चालत गेली तर एक वेगळीच शक्यता उरते. हल्लीच्या ग्राफिक्स चिप काही कागद रचनेत न मिसळता थेट पडद्याकडे धाडतात, म्हणजे वीज वाचते. याला मल्टिप्लेन ओव्हरले म्हणतात. स्क्रीनशॉट घेताना मात्र सगळे कागद एकत्र रचले जातात, म्हणून तिथे चित्र निर्दोष येतं. व्हिडिओ चालू असतानाच विंडो लुकलुकते, एरवी नाही, अशी तक्रार असेल तर हा पहिला संशयित. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तर ही सोय बंद करायची एक रजिस्ट्री फाइलच (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही) आपल्या मदतपानावर देऊन ठेवली होती.

आता त्या केसाएवढ्या रेघेकडे येऊ. ती स्क्रीनशॉटमध्ये हमखास सापडते. स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडून ८०० टक्के मोठा केला की दिसतं, रेघ बरोबर एक पिक्सेल जाड आहे आणि ती पांढरी नसून करडी आहे. हा करडा रंगच तिचा ठावठिकाणा सांगतो.

समजा टॅबच्या पट्टीची उंची ४१ एकक आहे. १२५ टक्के स्केलिंगला ती ५१.२५ पिक्सेल होते. पाव पिक्सेल रंगवता येत नाही. तेव्हा ५२व्या ओळीचा पाव भाग टॅबच्या पट्टीने झाकला आणि उरलेला पाऊण भाग खालच्या टूलबारने झाकला, असं संगणक धरतो. पाव आणि पाऊण मिळून एक. म्हणजे मागचं काहीच दिसायला नको. पण रंग मिसळायचं सूत्र असं चालत नाही. टॉम पोर्टर आणि टॉम डफ या लुकासफिल्ममधल्या दोघांनी १९८४ साली मांडलेलं ते सूत्र आजही सगळीकडे वापरात आहे. त्यात प्रत्येक थर पिक्सेलचा किती हिस्सा झाकतो एवढंच असतं, कोणता हिस्सा झाकतो ते नसतं. पहिल्या थराने पाव झाकलं, मागचं ७५ टक्के उरलं. दुसरा थर त्या उरलेल्याचा पाऊण भाग झाकतो, तेव्हा ७५चे २५ टक्के, म्हणजे १८.७५ टक्के मागची पार्श्वभूमी झिरपतेच.

संगणकाला राखाडी छटा म्हणजे ० (काळा) ते २५५ (शुभ्र) यांमधला आकडा. पार्श्वभूमी शुभ्र, म्हणजे २५५, आणि गडद थीमचे दोन्ही थर ३२ या रंगाचे असतील तर त्या ओळीचा रंग येतो ७४च्या आसपास. पेंटमधल्या ड्रॉपरने रेघेचा रंग टिपून आकडा पाहा. तो थर आणि पार्श्वभूमी यांच्या मधलाच कुठला तरी निघाला तर पाव-अर्ध्या पिक्सेलचा हिशोब गळतोय असं धरायला हरकत नाही. उजळ थीममध्ये थर आणि पार्श्वभूमी दोन्ही पांढऱ्याच्या जवळ असतात, त्यामुळे गळती असूनही दिसत नाही. म्हणून डार्क मोड लावल्यापासून बिघाड झाला असं लोकांना वाटतं. ब्राउझर थरांच्या कडा बहुतेक ठिकाणी पूर्ण पिक्सेलवर आणून बसवतातच, पण एखाददुसरी जागा सुटते. डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग तात्पुरतं १०० टक्के करून पाहा, रेघ गेली तर खात्री झाली. कंट्रोल धरून केलेला झूम इथे उपयोगाचा नाही, तो फक्त वेबपेज मोठं करतो, चौकटीला हातही लावत नाही.

काळ्या पट्टीचं कूळ वेगळं. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, आणि तो किती अपारदर्शक आहे हे सांगणारा चौथा. नव्याने पुसलेल्या मेमरीत चारही शून्य. पहिले तीन शून्य म्हणजे काळा, चौथा शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक. चौथा आकडा वाचला तर तिथे काहीच दिसत नाही. वाचायचा राहिला तर कोळशासारखा काळा. काळी पट्टी दिसली की वाटेत कुणीतरी चौथ्या आकड्याकडे दुर्लक्ष केलंय असं पहिल्यांदा मनात आणावं. व्हिस्टाच्या काचेसारख्या टायटल बारवर याच्या उलट गंमत व्हायची: जुनी चित्रप्रणाली चौथा आकडा शून्यच ठेवायची, म्हणून तिने काढलेली काळी अक्षरं काचेत विरघळून जायची.

लिनक्सवर ही काळी पट्टी जास्त भेटते. तिथे नोम (GNOME) नावाच्या डेस्कटॉपवर कित्येक प्रोग्रॅम विंडोची सावलीही स्वतःच काढतात. सावलीसाठी कागद विंडोहून मोठा घ्यावा लागतो, आणि त्यातली खरी विंडो कुठे सुरू होते हे वेगळं कळवावं लागतं. कागद रचणारा कंपोझिटर चालू नसेल तर सावलीच्या जागी जाड काळी चौकट येते. तो चालू आहे पण मोजमाप चुकलंय, तर विंडो कडेला नेल्यावर सावलीएवढी फट राहते. यावरचा उतारा सोपा आहे: बांधावरचा हक्क सोडायचा. लिनक्सवरच्या क्रोममध्ये अपिअरन्स सेटिंगखाली सिस्टिमचा टायटल बार आणि कडा वापरायचा पर्याय आहे. फायरफॉक्समध्ये टूलबार कस्टमाइझ करताना खाली डाव्या कोपऱ्यात टायटल बारचा चौकोन असतो, तो विंडोजवरही चालतो. उंचीला थोडा फटका बसतो, पण चौकट पुन्हा एकाच मालकाची होते.

फायरफॉक्स असेल तर त्याआधी हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड वापरून पाहावा. त्यात एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (रंगकाम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) सगळं एकदम बंद होतं. हौशी मंडळी यूजरक्रोम नावाच्या फाइलने चौकटीची रंगरंगोटी करतात, तीही या मोडमध्ये बाजूला राहते. ब्राउझर काढून परत टाकल्याने दोष का जात नाही याचं उत्तरही इथेच आहे: प्रोग्रॅम गेला तरी प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंगचं फोल्डर, सहसा तिथेच राहतं आणि ही फाइल प्रोफाइलमध्ये असते.

विंडोजवर दोष नुकताच, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर दिसू लागला असेल तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, बीप वाजतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं जागेवर राहतात. तेवढ्याने भागलं नाही तर क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करून पाहावं. दोष गेला तर ड्रायव्हर संशयित म्हणून पक्का, पण ते कायमचं बंद ठेवू नये. व्हिडिओ उलगडण्याचं काम मुख्य प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो, बॅटरी लवकर उतरते. लॅपटॉप ज्या कंपनीचा त्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून अ‍ॅक्सलरेशन परत चालू करावं. आणि ही सेटिंग बदलल्यावर ब्राउझर पूर्ण बंद झालाय का ते टास्क मॅनेजरमध्ये पाहावं. सगळ्या विंडो बंद केल्या तरी क्रोम मागे चालू राहू शकतो, आणि तो बंद होऊन उघडेपर्यंत जुनीच सेटिंग लागू असते.