मादलेनच्या पाठीवरचा उंचवटा

फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतातले कोमेर्सी हे गाव शिंपल्याच्या आकाराच्या मादलेन या छोट्या केकसाठी प्रसिद्ध आहे. लोरेनचा ड्यूक स्तानिस्लास लेश्चिन्स्की याच्यासाठी मादलेन नावाच्या एका दासीने १७५५ मध्ये तो प्रथम केला असे सांगतात. ती दंतकथाच समजावी. मला मात्र या केकचे खरे अप्रूप वाटते ते त्याच्या पाठीवरच्या उंचवट्यामुळे. एरवी केकचा माथा असा फुगला, तर तो दोष मानतात. मादलेनमध्ये नेमका तोच साधायचा असतो.

त्यासाठी मैदा, अंडी, साखर, लोणी आणि थोडी बेकिंग पावडर यांचे मिश्रण काही तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवतात. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने थंडीत ते गोठते आणि मिश्रण चमच्यावरून ओघळेनासे होते. असा थंड गोळा २१० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये गेला, की साच्याच्या कडेचा पातळ थर आधी तापतो, तेथील अंड्याची प्रथिने आणि मैद्यातील स्टार्च घट्ट होऊन कडा पक्क्या बसतात. मधला जाड भाग तोवर ओलाच असतो. ओव्हनच्या काचेतून पाहावे, तर कडा फिकट सोनेरी झालेल्या आणि मध्ये चकाकणारा एक खळगा दिसतो. मग उष्णता तेथवर पोहोचते, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ प्रसरण पावतात, आणि कडेने वाव नसल्यामुळे तो खळगाच बघता बघता वर उचलला जातो. हा क्षण पाहण्याचा आनंद मला खाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

चवीसाठी पुष्कळजण लोणी आधी मंद आचेवर तांबूस होईपर्यंत तापवतात. लोण्यातील सुमारे १६ टक्के पाणी उडून गेले, की तापमान चढते, दुधातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात माईयार अभिक्रिया होते आणि खमंग वास सुटतो. तूप कढवताना तळाशी बसणाऱ्या बेरीचा वास हाच. फरक एवढाच, की तूप गाळताना आपण बेरी वेगळी काढतो आणि येथे ती मिश्रणातच राहू देतात.

मादलेन आकाराने लहान असल्यामुळे लवकर कोरडा पडतो, शिवाय आतला ओलावा कडेकडे सरकून तिचा कुरकुरीतपणाही काही तासांत जातो. म्हणून मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून लागतील तेवढेच केक ताजे भाजावेत.