स्पंजातलं पपेन: कोंडलेलं की बांधलेलं?

कच्च्या पपईला चिरा दिल्या की जो पांढरा चीक ओघळतो, त्यात पपेन असतं. मटण मऊ पडावं म्हणून कच्ची पपई वाटून लावतात ती याच्याच भरवशावर, कारण पपेन प्रथिनांचे तुकडे करतं. जखमेला चिकटून बसलेली मृत कातडीही मुख्यतः प्रथिनंच असते. अननसाच्या खोडातलं ब्रोमेलेनही याच जातीचं. त्यावर आधारलेलं नेक्सोब्रिड हे औषध भाजलेल्या जखमेवर चार तास ठेवून काढून टाकतात. युरोपात त्याला २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

पपेन हेच एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) शरीरात विरघळणाऱ्या स्पंजात बसवायचं, असं बरंच संशोधन चालू आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेलं कायटोसान सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवतात, गोठवतात आणि निर्वात जागेत सुकवतात. बर्फाची थेट वाफ होते आणि बर्फाच्या जागी छिद्रं उरतात. इथवर सगळ्यांची कृती साधारण सारखीच. फरक पडतो तो एन्झाइम आत कसं बसवलं यावर, आणि नेमकी इथेच गल्लत होते.

पहिली रीत कोंडण्याची. गोठवण्याआधीच द्रावणात पपेन मिसळायचं, किंवा तयार स्पंज पपेनच्या पाण्यात भिजवायचा. रासायनिक बंध नाही, त्यामुळे स्पंज ओला झाला की पपेन बाहेर झिरपू लागतं. किती वेगाने, हे छिद्रांवर आणि विद्युतभारावर ठरतं. शरीराच्या सामूला पपेनवर धनभार असतो. कायटोसानवर ऋणभार नसल्यामुळे ते पपेनला ओढून धरत नाही. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट ऋणभारित असल्यामुळे जास्त घट्ट धरतं.

दुसरी रीत बांधण्याची. ग्लुटराल्डिहाइडसारखा दुवा वापरून पपेनमधले अमाइन गट (नायट्रोजन असलेले रासायनिक गट) कायटोसानच्या अमाइन गटांना जोडायचे. आता स्पंज कितीही धुवा, पपेन जागचं हलत नाही. मात्र जोडणीत काही रेणूंची काम करणारी जागाच दाबली जाते, आणि उरलेलं ग्लुटराल्डिहाइड पेशींना मारक ठरतं. म्हणून गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन हा सौम्य पर्याय वापरतात.

दोन्ही स्पंज दिसायला साधारण सारखेच आणि हलके. (जेनिपिनने मात्र निळा रंग येतो.) ओळखायचे तर स्पंज ३७ अंशांच्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवावा, काही वेळाने बाहेर काढावा आणि मागे राहिलेलं पाणी पातळ केलेल्या, साय काढलेल्या दुधात घालावं. दूध हळूहळू नितळ झालं तर पपेन सुटून पाण्यात उतरलं आहे. दूध पांढरंच राहिलं आणि तोच स्पंज दुधात टाकल्यावर मात्र निवळलं, तर पपेन बांधलेलं आहे.

जखम साफ करायची असेल तर माझ्या मते कोंडलेलंच हवं. मेलेली कातडी घन असते, ती स्पंजाच्या छिद्रांत शिरून पपेनला भेटायला येत नाही. बांधलेलं पपेन फक्त जखमेला टेकलेल्या पृष्ठभागावर काम करू शकतं. म्हणूनच ‘बांधल्यावरही क्रिया टिकली’ असं वाचलं की मी आधी चाचणी कशावर घेतली ते पाहते. बॅप्ना हा चाचणीसाठी वापरला जाणारा छोटा रेणू सहज आत जातो; दुधातल्या केसिन या मोठ्या प्रथिनाला तेवढी वाट मिळत नाही.

बांधलेल्याची बाजू दुसरीकडे भक्कम आहे. पपेनने काहींना तीव्र ॲलर्जी होते. अशाच तक्रारींनंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये पपेनची मान्यता नसलेली मलमं बाजारातून काढायला लावली. जागेवर अडकलेलं एन्झाइम शरीरात कमी पसरतं, हा मोठा फायदा. पण ‘कायमचं’ म्हणू नये: शरीरातलं लायसोझाइम हे एन्झाइम कायटोसान कुरतडतं, आणि स्पंज विरघळला की बांधलेलं पपेनही तुकड्यांसकट सुटतं. थोडक्यात, कोंडलेल्याची मुदत झिरपण्यावर ठरते, बांधलेल्याची स्पंजाच्या आयुष्यावर.

आणि ते आयुष्य पपेन स्वतःच कमी करू शकतं. जिलेटिन किंवा कोलॅजनचा स्पंज म्हणजे प्रथिनच, त्यामुळे आतलं पपेन आधी स्पंजच खाऊ लागतं. कायटोसान प्रथिन नसूनही पपेन त्याच्या साखळ्या तोडतं. प्रयोगशाळेत लहान साखळ्यांचं कायटोसान बनवायला ते वापरतातही. म्हणून औषध किती दिवसांत सुटेल हे एखादं निरुपद्रवी प्रथिन भरून मोजलं तर आकडा फसवा येतो. मोजमाप जिवंत, काम करणाऱ्या पपेनवरच व्हायला हवं.