टेन्स आणि पीएनएस: पायाच्या दुखण्यावरचे दोन वेगळे करंट

कोल्हापुरात पायाच्या जुनाट दुखण्यासाठी पीएनएसचं, म्हणजे पेरिफेरल नर्व्ह स्टिम्युलेशनचं (नसेशेजारी बारीक तार ठेवून करंट देण्याच्या उपचाराचं) नाव काढलं की पेशंटचं उत्तर ठरलेलं: "करंट घेऊन झालाय की, काय फरक पडला नाय." घेतलेला असतो टेन्स, म्हणजे कातडीवरून दिलेला करंट. एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर मांडला जातो आणि विचार करण्याजोगा उपचार तिथंच बाद होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, टेन्स रोज वापरते, म्हणूनच हा घोळ ऐकून वैताग येतो.

टेन्स सगळ्यांना माहीत आहे. कातडीवर चिकटपट्ट्या, वीस-तीस मिनिटं मुंग्या, झालं. आराम बहुतेक वेळा मशीन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ. दोन्ही उपचारांमागचा विचार एकच, मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेला गेट कंट्रोल सिद्धांत: स्पर्शाच्या जाड तंतूंना जागं केलं की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो. साम्य तेवढंच.

खरा फरक करंट कुठून कुठं जातो यात आहे. टेन्सचा करंट कातडी आणि चरबीतून पसरत जातो. खोलवरच्या नसेपर्यंत पोचवायला तो वाढवावा, तर आधी कातडी चुरचुरते किंवा स्नायू आखडतो. पीएनएसमध्ये सुईतून एक बारीक तार थेट नसेच्या शेजारी नेऊन ठेवतात. तळव्याच्या दुखण्याचं घ्या. टिबियल नस आतल्या घोट्याच्या मागून, धमनीला लागून खाली तळव्यात उतरते. सोनोग्राफीच्या पडद्यावर धमनी ठोके देताना दिसते आणि शेजारी नस दिसते, मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्यांची. पेशंट जागा असतो, कारण त्याच्याकडूनच ऐकायचं असतं. "मुंग्या तळव्यात आल्या, अंगठ्यापर्यंत" म्हणाला तर जागा बरोबर. नुसत्या घोट्यात आल्या तर तार थोडी सरकवायची. नस इतकी जवळ असल्यामुळं करंट अगदी थोडा पुरतो. काही प्रकारांत तार 60 दिवसांपर्यंत ठेवून काढतात, काहींत ती कायमची असते.

म्हणून पीएनएसच्या आधी विचारायचा प्रश्न "टेन्सनं फरक पडला का?" हा नाही. "दुखणं कुठल्या नसेचं आहे?" हा आहे. तळवा असेल तर टिबियल. पावलाची वरची बाजू असेल तर गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून येणारी पेरोनियल. पावलाची बाहेरची कड असेल तर सुरल. संशय असलेल्या नसेपाशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात, त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. काही तास दुखणं उतरलं तर पत्ता बरोबर असण्याची शक्यता वाढते. पुढं यश मिळेलच अशी हमी त्यातून मिळत नाही, पण ब्लॉक न करता तार घालून घ्यायला मी माझ्या माणसाला तरी सांगणार नाही.

रंकाळ्याला फेरी मारताना पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की थोड्या वेळात उतरते, अशी तक्रार असेल तर आधी पायातला रक्तपुरवठा तपासा. कमरेतून पायात कळ येत असेल तर मूळ मणक्यात शोधा. साखरेमुळं पाय बधिर झाला असेल तर गेलेली संवेदना या दोन्हींतलं काहीच परत आणत नाही. बधिर कातडीवर टेन्सच्या पट्ट्या लावणं मला अजिबात मान्य नाही: कातडी भाजली तरी पेशंटला कळत नाही. पेसमेकर असेल तर दोन्हींच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. घोट्याजवळ सुई टोचून लघवीच्या तक्रारीवर करंट देतात, तो तिसराच उपचार. आणि प्रदर्शनात 'नसांचा उपचार' म्हणून विकायला ठेवलेली, पाय ठेवून बसायची थरथरणारी मशीनं यांपैकी काहीच नाहीत.

पेन क्लिनिकला जाताना जुन्या फायली न्याच, पण त्याआधी घरीच पायावर पेनानं दुखतं तेवढाच भाग आखा. "सगळा पाय दुखतो" म्हणू नका. रेघ कुठं थांबते ते बघूनच डॉक्टर नस ओळखायला सुरुवात करतात.